शाळेने आईला सांगायलाच हवे
(मुदखेड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांनाच ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्या दिवशी शासनाचा आदेश निघाला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि घटना कळताच 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना अहवाल.

पण कायदा त्याआधीचाच आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब चालत नाही.

आणि आपले काय? असे काही कानावर आले की आपण आधी मुलीचीच शाळा सोडवतो, मग लग्नाची घाई करतो. म्हणून मुली गप्प बसतात. शिक्षा तिलाच का?

पुढच्या पालकसभेला सगळ्या मिळून जाऊ या. विचारू या: समितीत कोण आहे? पेटी कोण उघडते? काही घडले तर आम्हाला कोण, किती वेळात सांगणार? उत्तर लेखी मागू या.

1098 हा नंबर मुलींकडून पाठ करून घ्या. आणि घरी एवढे वचन द्या: “तू सांग बाई, तुझी शाळा बंद होणार नाही.”