कासवाने पाणी सोडले तेव्हा

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



यंदा जनवाड्यात आम्ही मुलांसाठी चित्रांची स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'माझ्या मनातले जंगल'. अट एकच घातली होती, की जंगल कुठलेही असो, प्राणी कुठलाही असो, पण तो राहतो कुठे आणि खातो काय, हे चित्राखाली लिहायचे. मुलांनी कमाल केली. पंख असलेला वाघ आला, धबधब्यामागे राहणारे निळे अस्वल आले, मधावर जगणारा दोन तोंडांचा साप आला. दाट जंगल होते, बर्फातले जंगल होते, पाण्याखालचे जंगलही होते. सगळी चित्रे मांडून झाल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. गावाबाहेर पडले की समोर दिसणारा माळ एकाही चित्रात नव्हता.

दोष मुलांचा नाही. जंगल म्हणजे झाडी, हे आपणच त्यांना शिकवले. म्हणून आज थोडे त्याविषयी बोलावे म्हणतो.

कल्पनेतली जंगले आपल्याकडे जुनीच आहेत. 'हितोपदेशा'तली मित्रलाभाची कथा गोदावरीच्या काठच्या एका मोठ्या सावरीच्या झाडापाशी सुरू होते. गोदावरी म्हणजे आपल्या शेजारच्या मराठवाड्याचीच नदी. त्या कथेतले कावळा, उंदीर, कासव आणि हरीण माणसासारखे बोलतात, म्हणजे जग सगळे रचलेले. पण नीट पाहा, कावळा झाडावर आहे, उंदीर बिळात आहे, कासव पाण्यात आहे, हरीण मोकळ्या रानात आहे. संकट आले तेव्हा कावळ्याने उंचावरून पाहिले आणि उंदराने दातांनी जाळे कुरतडले. ज्याचे काम त्यानेच केले. आणि कासव? भीतीपोटी ते पाणी सोडून जमिनीवर आले आणि पारध्याच्या हाती सापडले. कथाकाराने प्राण्यांना वाचा दिली, पण त्यांचे घर मात्र बदलले नाही. घर सुटले की जीव धोक्यात येतो, हे त्याला पक्के माहीत होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्याकडेही एक नाही, तीन जंगले आहेत. पहिले मांजरेचे. ही नदी खाली तेलंगणात उतरते, तिथे मगरींसाठी राखलेले अभयारण्य आहे. दुसरे चिंचोळीचे. कलबुर्गी जिल्ह्यातले हे रान 2011 साली अभयारण्य झाले. पानगळीची झाडी, चंदन, चंद्रमपल्लीचे धरण, आत लमाणांचे तांडे. तिथे चौशिंगा आहे, तरस आहे. तिसरे जंगल म्हणजे आपला माळ. त्याला कोणी जंगल म्हणत नाही. कागदावर तो गायरान असतो, नाहीतर पडीक असतो.

पण काळविटाला विचारा. दूरवर दिसणे आणि मोकळे धावता येणे, हेच त्याचे संरक्षण. त्याला दाट झाडीत सोडले तर त्याची ती पीळदार शिंगे आणि ती उडी काय कामाची? लांडगाही माळाचाच. खोकड माळावर बीळ करते, उंदीर, किडे आणि बोरे खाते, म्हणजे शेतकऱ्याचे कामच करते. सोलापूरजवळ नान्नजचा माळ 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य म्हणून राखला गेला. उघड्या गवताळ जागेलाही अभयारण्य म्हणतात, हे तेव्हा अनेकांना नवलाचे वाटले होते.

खरे तर नवल वाटायचे कारण नव्हते. ज्या देशात काळवीट हिंडते त्या देशातले धर्म सांगतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या आरंभीच म्हटले आहे. आणि त्या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर होता चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याण नगरीत. ते कल्याण म्हणजे आपल्याच बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. म्हणजे चांगल्या देशाची खूण म्हणून ज्या प्राण्याचे नाव घेतले, तो आपल्या बांधावर आजही चरतो आहे.

इथे आमची एक चूक कबूल करायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने माळावर खड्डे खणले आणि रोपे लावली. फोटो काढले, नारळ फोडला. पुढच्या पावसाळ्यात एक म्हातारे धनगर बाबा भेटले. म्हणाले, "झाडं लावलाव, चांगलं केलाव. पर गवत मेल्यावर मेंढरं कुठं न्यायची?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. लांडगा त्यांचे कोकरू वर्षातून एखादे नेतो. तरी माळ राहावा असे त्यांना वाटत होते आणि माळ झाकून टाकणारे आम्ही निघालो. कासवाला पाण्याबाहेर काढण्यासारखेच हे झाले.

शेतकरी बंधूंचे दुःखही खरे आहे. उगवलेला हरभरा आणि सोयाबीन काळविटांचा कळप एका रात्रीत खुडून नेतो. ज्याचे पीक गेले त्याला धर्मशास्त्र सांगून भागत नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, त्या कामी लिहिण्या-वाचण्याची मदत आपल्या तरुणांनी करावी. काळवीट आणि लांडगा दोघांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना इजा करणे हा गुन्हा आहे, हेही सांगावे. बिनकठड्याच्या विहिरींना कठडे बांधावेत, त्यात जनावरेही पडतात आणि आपली लेकरेही. रात्री माळावरून जाताना गाडीचा वेग आवरावा. आणि झाडे जरूर लावावीत, पण ती घराशी, शाळेशी, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी. गवताची जागा गवताला ठेवावी.

शेवटी बाप्पाकडेच वळू. आज सकाळी पूजेत आपण पत्री वाहिली. एकवीस पानांची ती यादी आठवून पाहा. केवडा पाण्याकाठचा, अर्जुन नदीकाठचा, तुळस अंगणातली, आघाडा बांधावरचा, आणि शमी व बोर कोरड्या माळावरची. आपल्या पूर्वजांनी देवासमोर एकाच रानाची पाने ठेवली नाहीत. माळ नसेल तर ही पूजा पुरी होत नाही.

पुढच्या वर्षी हीच स्पर्धा पुन्हा ठेवणार आहोत. पण त्याआधी एका रविवारी सगळ्या मुलांना घेऊन पहाटे माळावर जायचे ठरवले आहे. आई-वडिलांनीही यावे. मग मुलांनी पंख असलेला वाघ खुशाल काढावा, पण एका कोपऱ्यात तरी गवत असावे आणि त्या गवतात मान वर करून पाहणारे एक काळवीट असावे, एवढीच इच्छा.

गणपती बाप्पा मोरया!