दवाखाना सर्वांचा राहिला पाहिजे

(विहाराच्या रौप्यमहोत्सवी वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून उमेदीची वर्षं गेली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत आमची गिरणी थांबली ती थांबलीच. शाळा नववीपर्यंत. पुढं जे काय शिकलो ते युनियनच्या ऑफिसात आणि याच विहाराच्या वाचनालयात. तेव्हा शब्दात उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या.

कमिटीने मला सांगितलं की, गेल्या महिन्यात आपण वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेला त्याबद्दल बोला. बऱ्याच घरांतून लोक आले, काही घरांतून आले नाहीत. न आलेल्यांना दोष द्यायला मी उभा नाही. कोणाची ड्युटी असते, कोणाचं पोर आजारी असतं. पण हा विषय प्रत्येक घराचा आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ या.

आपल्या भागातल्या पालिकेच्या इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली आहे. जमीन पालिकेची, बांधकामाचा पैसा पालिकेचा. आता ती खाजगी संस्थेला चालवायला द्यावी असा प्रस्ताव आहे. त्याला ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ असं गोंडस नाव आहे. भागीदारीत आपल्या वाट्याला काय येणार, केसपेपरला किती पडणार, सोनोग्राफीला किती, बाळंतपणाला किती, हे सगळं करारात असतं. तो करार तुम्हा-आम्हाला कोणी दाखवलेला नाही.

आता मी थोडा मागं जातो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच्या आधीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. आणि त्या यादीत आणखी एक नाव होतं: दवाखाने. होय, सार्वजनिक दवाखाने! म्हणजे सरकारी दवाखान्याची पायरी चढण्याचा हक्कसुद्धा आपल्याला आपोआप मिळालेला नाही. त्यासाठी ठराव करावा लागला.

ठराव झाला आणि कागदावर राहिला. महाड नगरपालिकेने 1924 साली आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तेही कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठं कागदाला पाय फुटले. मग विरोधकांनी काय केलं? कोर्टात गेले, आणि म्हणाले की हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचं आहे! दहा वर्षं प्रकरण चाललं. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तळं खाजगी असल्याचा दावा टिकला नाही.

बंधू-भगिनींनो, ‘खाजगी’ या शब्दाची ताकद यातून ओळखा. तेव्हा दारात माणूस उभा राहून अडवत होता. आज दारात कोणी अडवणार नाही. आत काउंटरवर विचारतील, ‘डिपॉझिट किती भरता?’ माणूस स्वतःहूनच माघारी फिरेल. जे सार्वजनिक आहे तिथंच आपण हक्काने उभे राहू शकतो. ते सार्वजनिक राहिलंच नाही, तर हक्क सांगायचा कुठं?

आता आपल्यातलेच लोक तीन गोष्टी विचारतात. प्रश्न खरे आहेत, म्हणून उत्तर दिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, ‘पालिकेच्या इस्पितळात घाण, लाईन मोठी, औषध बाहेरून आणायला सांगतात. खाजगी झालं तर सुधारेल.’ लाईन मोठी आहे हे मी नाकारत नाही. मी स्वतः त्या लाईनीत उभा राहतो. पण लाईन मोठी का? डॉक्टरांच्या, नर्सेसच्या जागा भरत नाहीत, सफाईला ठेकेदाराची माणसं आणि तीही अपुरी. घराचं छप्पर गळतं म्हणून कोणी घर दुसऱ्याच्या नावावर करत नाही, छप्पर शाकारतो.

दुसरी गोष्ट, ‘आपल्याकडे योजनेचं कार्ड आहे.’ महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगली आहे, ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्यावी. पण ती ठरलेल्या यादीतल्या ऑपरेशनांना आणि उपचारांना आहे. ताप आला, खोकला झाला, आईची शुगरची गोळी संपली, तिथं कार्ड चालत नाही. तिथं पालिकेचा केसपेपरच लागतो. आणि गरिबाचं घर बुडतं ते पुष्कळदा याच रोजच्या औषधापायी.

तिसरी गोष्ट, ‘गरिबांसाठी खाटा राखीव ठेवणार आहेत.’ धर्मादाय इस्पितळांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत, ही योजना हायकोर्टाने 2006 साली मंजूर केली. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना अशी खाट मिळाली? हात वर करा. (सभेत तीन हात वर झाले.) पाहा, एवढ्या मोठ्या सभेत तीन. मरोळच्या सेव्हन हिल्सचं उदाहरण सगळ्या मुंबईसमोर आहे. जमीन पालिकेची, 20 टक्के खाटा पालिकेच्या पेशंटसाठी, अशी बोली होती. त्या खाटांवरून वाद झाले, 2018 साली कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, आणि 2020 साली करोना आला तेव्हा ते इस्पितळ चालवायला पालिकाच पुढं आली. नफ्याच्या वेळी खाजगी, संकटाच्या वेळी सार्वजनिक!

आता मोर्चाविषयी. सकाळी 10 वाजता आपण विहारापासून निघालो. तीनशेच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बाया. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम भगिनी आल्या, रिक्षावाले भाऊ रिक्षा लावून आले. इस्पितळाच्या दोन नर्सबाई नाईट ड्युटी संपवून न झोपता थेट आल्या. आपल्या चाळीतल्या एका आजीने पिशवीत पंधरा वर्षांचे केसपेपर आणले होते. पोलिसाने विचारलं, ‘आजी, बोर्ड कुठाय तुमचा?’ आजी म्हणाली, ‘ह्योच माझा बोर्ड.’ आणि सगळी पिशवी त्याच्या पुढ्यात धरली. तो बिचारा हसला आणि बाजूला झाला.

कुठं दगड नाही, शिवी नाही. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या 19 व्या कलमाने दिला आहे, तो आपण वापरला. पाच जणांचं शिष्टमंडळ वर गेलं. साहेब म्हणाले, ‘प्रस्ताव वरून आला आहे, तुमचं निवेदन पाठवतो.’ आम्ही निवेदनाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच खाली उतरलो. उत्तर अजून आलेलं नाही.

तरुण पोरं विचारतात, काका, मोर्चाने काय होतं? युनियनच्या बैठकीत मी स्पेन देशातल्या माद्रिदची हकीकत ऐकली. 2012 च्या अखेरीस तिथल्या प्रांतिक सरकारने 6 सरकारी इस्पितळं आणि 27 आरोग्य केंद्रं खाजगी कंपन्यांच्या हाती द्यायचं ठरवलं. डॉक्टर, नर्सेस पांढरे कोट घालून रस्त्यावर उतरले, पेशंट आणि वस्तीतले लोक त्यांच्याबरोबर. महिन्यातल्या एका रविवारी मोर्चा ठरलेला. लोक त्याला ‘पांढरी लाट’ म्हणू लागले. 2013 च्या मे महिन्यात त्यांनी ठिकठिकाणी स्वतःच मतपेट्या मांडल्या, नऊ लाखांहून जास्त लोकांनी मत नोंदवलं. दुसरीकडं कोर्टात लढले. कोर्टाने स्थगिती दिली, आणि 27 जानेवारी 2014 रोजी सरकारने योजना मागे घेतली. आरोग्यमंत्र्याने राजीनामा दिला. रस्ता आणि कोर्ट, दोन्ही पायांवर ते चालले. महाडलाही तसंच झालं होतं. आणि एका मोर्चात झालं नाही, पंधरा महिने लागले, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून आपल्यालाही पुन्हा निघायचं आहे. तोवर तीन कामं करा. प्रत्येक घरातले केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, तोच आपला पुरावा. निवेदनावर नुसती सही नको, आपल्याला या इस्पितळाचा काय उपयोग झाला ते दोन ओळींत लिहा. लिहिता येत नसेल तर रविवारी विहारात या, आपली मुलं लिहून देतील. आणि इस्पितळातल्या नर्स, आया, वॉर्डबॉय यांच्याशी भांडू नका. त्यांना आपल्याबरोबर घ्या. ते आणि आपण एका बाजूला उभे राहिलो तरच हे इस्पितळ वाचेल.

आजारी पडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्खूची भगवान बुद्धांनी स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली. त्याच्यापाशी पैसे आहेत का, असं विचारलं नाही. आपण रोज सायंकाळी त्यांना वंदन करतो. आजाऱ्याला दार उघडं राहावं म्हणून एक दिवस रस्त्यावर चालणं, हेही त्या वंदनातच येतं, असं मी मानतो.



नमो बुद्धाय! जय भीम!