पुरातन राईची मोजदाद



या संमेलनाचा अध्यक्ष या नात्याने मी थेट विषयाकडे वळतो. सह्याद्रीच्या कुशीत आणि कोकणपट्टीत देवाच्या नावाने राखलेल्या ज्या राया अजून उभ्या आहेत, त्यांतील पशुपक्ष्यांची पाहणी आपण कशासाठी करतो आणि तिच्या आधारे राईचे मोल कोणत्या मापाने ठरवतो, हा तो विषय.

देवरायांना शास्त्रीय अभ्यासाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांचे. त्यांच्या पाहणीचा इंग्रजी निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि जी जमीन महसुली हिशेबात पोटखराब्याच्या मोलाची ठरावी तिच्यात आसपासच्या मुलखातून नाहीसे झालेले वृक्ष आणि महावेली तग धरून आहेत, ही गोष्ट विद्वज्जनांच्या नजरेस आली. ते कार्य मुख्यत्वे वनस्पतींचे होते. झाड मोजणीदाराची वाट पाहत उभे राहते. प्राण्यांकडून तशी अपेक्षा करता येत नाही, म्हणून त्यांच्या गणतीत पुढे जो घोळ झाला तो समजण्यासारखा असला तरी चालू ठेवण्यासारखा खचित नाही.

घोळ असा की, आपण यादीच्या लांबीवर भाळतो. घनदाट, अंधाऱ्या राईतून एखादा रस्ता काढला, कडेची दहा झाडे पाडली आणि ऊन आत आले, की बुलबुल, कोतवाल, भारद्वाज अशी उघड्यावर वावरणारी मंडळी हजर होतात, यादी वाढते, आणि केवळ आकडा पाहणाऱ्या अंमलदारास तोडीमुळे राई अधिक समृद्ध झाली असा दाखला देता येतो. माझ्या मते पाहणीचा खरा प्रश्न ‘किती जाती आढळल्या’ हा नसून ‘ही जुनी झाडे गेल्यास कोणत्या जातींना दुसरा आसरा उरणार नाही’ हाच असला पाहिजे.

धनेशाचे उदाहरण घ्या. या पक्ष्याला सुतारासारखी स्वतःची ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून, वर्षानुवर्षांत आपोआप जी पोकळी तयार होते तीवर त्याचा संसार अवलंबून. मादी त्या ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि राजधनेशाच्या बाबतीत तर तीन-चार महिने नराने आणलेल्या फळांवर आत राहते. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली जुन्या बेहड्यासारख्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या झाडातच मिळायची. विणीच्या दिवसांत अशा झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे: विष्ठेच्या पांढऱ्या फराट्यांखाली फटीतून टाकलेल्या बियांचा खच पडलेला असतो, त्यांत गेल्या सालच्या बियांची कोवळी रोपे मिसळलेली असतात, आणि त्या बिया चाळून, निवडून, मोजून पक्ष्याला यत्किंचित त्रास न देता त्याच्या आहाराचा सविस्तर हिशेब मांडता येतो. आता गंमत पाहा. लाकूडतोडीच्या दृष्टीने याच झाडापुढे ‘पोकळ, इमारतीस निरुपयोगी’ असा शेरा पडतो. ठेकेदार ज्या पोकळीसाठी झाडाची किंमत कमी करतो, तीच आपल्या वहीत सर्वांत वरच्या रकान्यात नोंदवण्याजोगी आहे.

क्षेत्रफळाचीही अशीच भूल पडते. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टरांची. पण चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढणाऱ्या त्या वृक्षांची राई महाराष्ट्रात इतकी दुर्मीळ की, शासनाने तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे.

कालाविषयी एकच सांगतो. आपल्या बहुतेक पाहण्या हिवाळी सुट्टीत उरकल्या जातात, आणि बेडूक व देवगांडूळ यांचा हंगाम तर पावसाळा. जळवांच्या भीतीने जो घरी राहिला त्याने ‘उभयचर आढळले नाहीत’ असे लिहिणे म्हणजे कचेरी बंद असताना जाऊन अंमलदार गैरहजर असल्याचा पंचनामा करणे होय. म्हणून किती तास, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने पाहणी केली, याचा तपशील यादीइतकाच आवश्यक समजावा. आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे आले तरी ही जबाबदारी टळत नाही. एखाद्या प्रकल्पासाठी घाईने सिद्ध केलेले अहवाल माझ्या वाचनात येतात. मेअखेरच्या पाहणीत करड्या धोब्यासारखा हिवाळी पाहुणा दिसल्याचे त्यांत लिहिलेले आढळले, की यादी रानात झाली की टेबलावर, हे निराळे विचारावे लागत नाही.

सभ्यहो, २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. आपले निबंध परिषदांत वाचले जातात, पण राई तोडण्याचा ठराव गावात होतो, त्या वेळी तेथे उपयोगी पडेल तो गावच्या दप्तरातला कागद. यास्तव माझी विनंती एवढीच आहे की, प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या तालुक्यातील एक राई पत्करावी, तिच्यातील ढोलीची झाडे गावच्या जाणत्यांना बरोबर घेऊन, घेर मोजून नोंदवावीत, पावसाळ्यात पुन्हा जावे, आणि ती यादी समितीकडे दाखल करून तिची पोच घेतल्यावाचून परत फिरू नये.