शिक्षकाची कमाई



निवृत्त प्राध्यापकाने काय कमावले, असे विचारताना श्रोत्यांना भावुक उत्तराची अपेक्षा असते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने कमाई हा शब्द सैलपणे वापरू इच्छीत नाही. ज्याला वर्गात तोंड उघडण्याची भीती वाटे, त्याने एके दिवशी उभे राहून शिक्षकाशीच सप्रमाण मतभेद व्यक्त करावा, ही माझ्या मते शिक्षकाची कमाई. सत्कार, शाली, नारळ यांची मोजदाद वेगळी.

1988 च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी मी मजुरीचा सिद्धान्त शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एक मुलगी वर्षभर हजेरीखेरीज काही बोलली नव्हती. तास संपल्यावर तिने जिन्याजवळ गाठून विचारले, "सर, गावात मजूर तेवढेच, शेतीही तेवढीच. मग पाझर तलावाचे काम निघाल्यावर बागाईतदारांनी मजुरी का वाढवली?" तिची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत असे. उत्तर दोन मिनिटांत देता आले असते. ते मी दिले नाही. दहा घरी विचारून यायला सांगितले.

तिने वहीत रकाने आखून आणले. वर्गापुढे वाचताना पहिली दोन वाक्ये कोणाला ऐकूही आली नाहीत. तेवढ्यात एका बागाईतदाराच्या मुलाने शेरा मारला, की हमीमुळे मजूर आळशी झाले. तिने वहीवरची नजर उचलली. "खडी फोडणे हे आळशाचे काम आहे का? दुसरे काम मिळते, म्हणून कमी मजुरीला आता नाही म्हणता येते." 1972 च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या या योजनेचे आणि 1977 च्या कायद्याचे मर्म आमच्या क्रमिक पुस्तकात इतक्या थोडक्यात नव्हते. पुढल्या वर्षी मी त्या कायद्याची वर्गात भरभरून स्तुती करू लागलो, तेव्हा तिनेच मला अडवले: "सर, मजुरी मापावर आहे. माझ्या आजीच्या हाताने माप भरत नाही. तिला हमी कसली?" त्या दिवशी मी फार आनंदाने घरी गेलो.

हा आनंद आपल्याकडे जुना आहे. 1855 साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत ती सुमारे तीन वर्षे शिकली होती. तीन वर्षे हा आकडा कृपया ध्यानात ठेवा.

कारण आज राज्यातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक शिकवितात. तासामागे मानधन, वर्ष संपताच नेमणूक समाप्त. पोटासाठी दोन-दोन महाविद्यालयांत धावपळ. जिन्याजवळ विचारलेल्या प्रश्नाला या हिशेबात तासिका नाही. मागच्या बाकावरची मुलगी बोलू लागेपर्यंत तो तरुण प्राध्यापक तेथे नसतो. त्याची मजुरी बुडते आणि कमाईही. हा प्रश्न केवळ प्राध्यापक संघटनांचा मानून आपण फार काळ दूर राहिलो आहोत.

म्हणून एक काम सांगतो. पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यातील अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती, रिक्त किती आणि तासिकांवर किती वर्ग चालतात, याची माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी. अर्जाला दहा रुपये लागतात. मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर माझ्याकडून घ्यावा.