सूक्ष्म ध्वनिमुद्रण आणि आपले कान

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आमच्या बोरी अरब गावी एक यंत्र घेऊन आला. 'काका, हे हाय-रेझोल्युशन संगीत. सीडीहून कितीतरी सरस,' असे म्हणून त्याने एकच ख्याल दोन प्रतींतून मला ऐकविला. नवी प्रत मला निःसंशय अधिक गोड वाटली. तसलेच यंत्र घेण्याकरिता निवृत्तिवेतनातून रक्कम काढण्याचा निश्चयही मी केला.

परंतु जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला पडताळ्यावाचून चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी सारखी करून मी पाठ फिरवून बसलो आणि पुतण्याने नाणे उडवून प्रती लावल्या. 20 खेपांपैकी 11 वेळा माझे उत्तर बरोबर आले. एवढे गुण त्या नाण्यालाही मिळाले असते! आदल्या दिवशीची गोडी केवळ किंचित मोठ्या आवाजाची होती.

यात नवल नाही. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीत ध्वनीची नोंद सेकंदाला 44,100 वेळा होते, व तेवढ्यावरून सुमारे 22,000 कंपनांपर्यंतचा नाद पुन्हा उभा करता येतो. मनुष्याचा कान ऐन तारुण्यातही 20,000 कंपनांपलीकडे सहसा जात नाही. मजसारख्या साठी उलटलेल्याचा तर पुष्कळच अलीकडे थांबतो. मग 96,000 वा 192,000 नोंदी कोणासाठी? 2016 साली अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा भेद ओळखल्याची उत्तरे शेकडा सुमारे 52 भरली. सरावलेले कान थोडे पुढे गेले, इतकेच.

ध्वनिमुद्रण करतेवेळी मात्र 24 बिटांचा उपयोग खरा आहे. गायकाने अकस्मात तार षड्ज लावला तरी आवाज फाटू नये म्हणून पातळी खाली ठेवता येते, आणि तरीही हळुवार स्वर खरखरीत बुडत नाहीत. परंतु मुळात जे टिपलेच नाही ते कोठून येणार? 1937 साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या आज कितीही सूक्ष्म उतरविल्या तरी अधिक नेमकी हाती लागेल ती सुईची खरखर. 1922 साली गेलेल्या भास्करबुवा बखल्यांची तर एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही.

तेव्हा त्या रकमेतून मी एक मायक्रोफोन आणविला. आमच्या भजनी मंडळातील एका वृद्ध गायकाचे दोन अभंग उतरले आहेत. तिसऱ्याच्या वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, व तिची धडधडही 24 बिटांत अगदी स्वच्छ उतरली. गिरणी बंद असते तो वार पाहून पुन्हा बसावयाचे ठरले आहे.