घोडा, स्वार आणि चाबुकस्वार



कामगार चळवळीतल्या माणसाने घोड्यांवर व्याख्यान द्यावे याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही रोहिणखेडचे. घाटाखालच्या या गावाने घोडदळे पाहिली आहेत. १४३७ साली बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नासीरखानाचा इथे पराभव केला. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाच्या गादीसाठी राजा अलीखान आणि जमालखान यांची गाठ इथेच पडली. सेनापतींची नावे इतिहासात राहिली. त्यांचे घोडे कोणी शिकविले आणि त्या घोड्यांवर बसायला माणसांना कोणी शिकविले, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्या बिननावाच्या माणसाच्या विद्येविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आपल्या भाषेत त्याला चाबुकस्वार म्हणतात. नावात चाबूक आहे, कसब मात्र चाबकात नाही. त्याचे पहिले काम म्हणजे घोडा काव्यावर धरणे. गनिमी काव्यातला कावा आपण जाणतो; घोड्याला गोल फिरविणे हाही त्या शब्दाचा एक अर्थ आहे. मध्ये माणूस उभा, हातात लांब दोर, आणि भोवती घोडा. कधी उजवीकडून, कधी डावीकडून. या फेऱ्यांत घोडा तोल शिकतो, माणसाचा आवाज ओळखू लागतो, दोन्ही अंगांनी सारखा वळू लागतो. कौटिल्याने स्वारीच्या घोड्याच्या चाली सांगताना पहिली सांगितली ती वल्गन, म्हणजे गोलातलीच चाल.

आता गंमत अशी, की याच दोरावर स्वारालाही शिकवावे लागते. नवख्याच्या हातातून लगाम काढून घ्यायचा, पाय रिकिबीतून सोडवायचे आणि त्याला नुसते बसायला सांगायचे. का? घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. कडियाळे तिथे, नाजूक हिरडीवर टेकते. नवख्याचा तोल गेला की तो लगामाला लोंबकळतो, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्याची किंमत त्या हिरडीला मोजावी लागते. म्हणून आधी बैठक पक्की व्हावी, मग हातात लगाम यावा.

घोड्यालाही शिक्षण लागते, ते त्याच्या घडणीमुळे. त्याच्या अंगाचा अधिक भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. त्यात पाठीवर माणूस बसला की पुढची बाजू आणखी जड होते. मागचे पाय पोटाखाली घेऊन भार पेलायला त्याने शिकले पाहिजे, आणि ही ताकद यायला वर्षे लागतात. भीतीने घोडा पळेल, पण भीतीने तो भार पेलायला शिकणार नाही. मार खाल्लेला घोडा मान वर करतो, पाठ आखडतो. पाठ आखडली की स्वार आदळतो; स्वार आदळला की लगाम ओढतो; लगाम ओढला की घोडा आणखी आखडतो. हे चक्र चाबकाने सुटत नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या झेनोफनने घोड्यांवर ग्रंथ लिहिला; घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असे त्याने त्यात बजावले आहे.

व्हिएन्ना येथे शेकडो वर्षांची जुनी अश्वशाळा आजही चालू आहे. तिथला नियम साधा आहे: नव्या स्वाराला जाणत्या घोड्यावर बसवायचे आणि नवा घोडा जाणत्या स्वाराकडे द्यायचा. दोघेही नवखे एकत्र आणायचे नाहीत. आमच्या गिरणीतही नवा पोरगा जुन्या कामगाराच्या हाताखालीच तयार होत असे. फरक एवढाच, की मागाला भीती वाटत नाही, घोड्याला वाटते.

या कामाची किंमत पूर्वी ओळखली जात होती. अर्थशास्त्रातल्या वेतनांच्या यादीत शिकलेल्या पायदळ शिपायाला ५०० पण, तर घोडे शिकविणाऱ्या अश्वदमकाला २,००० पण सांगितले आहेत. शिवाजीमहाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. स्वारामागे किती हात लागतात, हे त्या राज्याला ठाऊक होते.

संस्थाने उरली तोवर ही विद्याही तग धरून राहिली. विष्णुपंत छत्रे मूळचे घोडे शिकविणारे. मुंबईत परदेशी सर्कस पाहून ते चिडीस पेटले आणि १८८० साली त्यांनी देशी सर्कस उभी केली. तिच्या मुळाशी चाबुकस्वाराचीच कला होती.

२०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात आपल्या संघाने सुवर्णपदक मिळविले. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. पण त्या मुलामुलींना शिकण्यासाठी युरोपात जाऊन राहावे लागले. आणि इकडे आपल्या गावात काय दिसते? लग्नाची वरात. जन्मात घोड्यावर न बसलेला नवरदेव, गोंगाटात उभे करायला कोणी न शिकविलेला घोडा, आणि लगाम धरायला बारा-चौदा वर्षांचा पोर. तिघेही नवखे! घोडा बिथरू नये म्हणून कडियाळ्याची साखळी आवळायची, एवढीच काय ती विद्या उरली.

१९६५ सालच्या केंद्रीय नियमांनी अणकुचीदार कडियाळ्याला बंदी केली आहे. गाडी ओढणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या जनावराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन काम बंद. आम्हाला याचा आनंदच आहे. पण बंधूंनो, जनावराचे तास कागदावर तरी आले. त्याचा लगाम धरणाऱ्या पोराचे तास कोण मोजतो? त्याला वरातीमागे चार पैसे मिळतात. उरलेल्या महिन्यांत घोडा शिकवायला त्याला वेळ नाही, जाणता उस्ताद नाही आणि पगारही नाही.

म्हणून आमचे मागणे थोडेच आहे. घोडा ठरविताना भाड्याबरोबर त्याचे तोंड पाहा. जखम दिसली तर तो घोडा नाकारा, आणि नाकारण्याचे कारण मालकाला सांगा. पोर लहान असेल तर मोठा माणूस मागा. कोणी या गावात स्वारीचा वर्ग काढलाच, तर पहिला प्रश्न विचारा, की शिकविणाऱ्याला आणि मोतद्दाराला बारमाही पगार आहे काय? ज्याचे पोट वरातीवर आहे, तो घोड्याला वेळ देऊ शकत नाही. आणि ज्याला वेळ मिळाला नाही, तो घोडा शिकत नाही.