कणगी मोठी, परात लहान

आज ऑफिसातल्या एका काळ्या पेटीविषयी बोलूया.

आमच्या प्रभागसंघाच्या ऑफिसात ही पेटी कपाटाशेजारी असते. ग्रामसंघांची इतिवृत्तं, कर्जाचे कागद, मेळाव्यांचे फोटो, सगळं तिच्यात. तिन्ही कॉम्प्युटर तिला जोडलेले, त्यामुळे कुठल्याही ताईला कुठूनही फाइल उघडता येते. तिला फाइल सर्व्हर म्हणतात, कुणी नॅस म्हणतं.

मार्चअखेरीला, नेमकी हिशेबाची घाई, तेव्हा ही पेटी अडून बसली. एक फाइल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "मेमरी कमी पडतेय, नवीन मशीन घ्या." कोटेशनही दिलं. आकडा बघून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. पैसे शेवटी गटांचेच ना! पण पेटीत तर निम्मी जागा रिकामी दिसत होती. मग कमी काय पडत होतं?

गल्लत इथेच होती. डिस्क म्हणजे धान्याची कणगी, तिथे माल साठतो. रॅम म्हणजे परात, काम करायची जागा. कणगीत दहा पोती ज्वारी असली तरी एका वेळी पीठ मळायचं ते परातीत मावेल तेवढंच. आमची कणगी मोठी होती, परात लहान.

पेटीत रॅम 2 जीबी होती. नुसत्या फाइली ठेवायच्या-काढायच्या तर चार-पाच जणींना तेवढी पुरते. पण हौसेने आम्ही तिच्यावरच फोटोतले चेहरे ओळखणारं ॲप आणि दाराच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. चेहऱ्यांचं ॲप बंद केलं, तर त्याच दिवशी फरक दिसला.

स्क्रीनवर रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. मोकळ्या रॅममध्ये पेटी नुकत्याच उघडलेल्या फाइली हाताशी ठेवते, त्याला कॅश म्हणतात. गरज पडली की ती जागा सुटते. बघायचा तो ‘स्वॅप’चा आकडा. रॅममध्ये न मावलेलं काम डिस्कवर ढकलणं म्हणजे स्वॅप, आणि डिस्क रॅमपेक्षा फारच संथ. पेटी सतत स्वॅप करत असेल तर रॅम खरोखर कमी आहे. आमची कॅमेऱ्याच्या वेळी करत होती.

दर 1 टीबी डिस्कला 1 जीबी रॅम हवीच, असंही कुणी सांगेल. तो ढोबळ अंदाज आहे, तोही झेडएफएस पद्धतीच्या मोठ्या सर्व्हरसाठी. ट्रूनॅससारखी प्रणाली मात्र निदान 8 जीबी मागते. आपल्या छोट्या पेटीला तो नियम लावायचं कारण नाही.

शेवटी आम्ही 4 जीबीची एक पट्टी घेतली. त्याआधी पेटीखालचा मॉडेल नंबर उतरवून घेतला, कारण काही पेट्यांत रॅम पक्की डकवलेली असते, वाढवताच येत नाही. डीडीआर3च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही, आणि किती जीबीपर्यंत चालेल यालाही मर्यादा असते. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. हे चुकवू नका बायांनो, खराब रॅममुळे चांगली फाइलही बिघडू शकते. मग पेटी रीतसर बंद केली, वायर काढली, पट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबली. सुरू झाल्यावर 6 जीबी दिसले तेव्हा कोषाध्यक्ष ताईंनी आधी पावती मागितली!

ती पावती आणि मॉडेल नंबर आता ठरावाच्या वहीत चिकटवले आहेत.